मेटॅलिका आलीच, तर मुंबई की बंगळुरू?

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा भारत दौरा जाहीर व्हायची मी नांदेडात डोळ्यांत तेल घालून वाट बघतोय. जायचं कुठं, यावर मात्र आमच्यात आत्ताच दोन तट पडलेत.

मुंबई सोयीची, यात वाद नाही. संध्याकाळी देवगिरी पकडायची, सोबत आईनं बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, सकाळी सीएसएमटी. तिकडची परंपराही कमी नाही: आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडनं २००८ च्या जगदौऱ्याची सुरुवातच वांद्रे-कुर्ला संकुलातून केली होती. बंगळुरूलाही नांदेडहून थेट गाडी आहे, पण रात्र जाऊन वर दिवसही मोडतो. सुट्टी जास्त, खर्च जास्त.

तरी माझं मन बंगळुरूकडंच ओढ घेतं. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका तिथंच, पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेली. दिल्लीजवळचा कार्यक्रम रद्द झाला होता, त्यामुळं भारतात त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते बंगळुरूनंच. तेव्हा मी दहावीत होतो, घरच्यांना विचारायचीही हिंमत झाली नाही. दिवे मालवतात, इटालियन चित्रपट-संगीतकार मॉरिकोनेची ती धून सुरू होते (१९८३ पासून हे लोक तिच्यावरच मंचावर येतात) आणि हजारो लोक शब्द नसलेली चाल एका आवाजात गातात. व्हिडिओत बघतानाही माझ्या अंगावर काटा येतो.

भाऊ म्हणतो, मुंबईच. मी काळा टी-शर्ट इस्त्री करून ठेवलाय, बंगळुरूसाठी.