हळदीशिवाय बनलेले कर्क्युमिन: अर्क खरेदी करणाऱ्यांसाठी एक अनुभव

सांगली भागातील आमच्या लहान कारखान्यात हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल तयार होतात आणि त्यासाठी लागणारे ९५ टक्के शुद्धतेचे कर्क्युमिन, म्हणजे हळदीतील पिवळे रंगद्रव्य, बाहेरून घेतले जाते. एका पुरवठादाराने आपला अर्क सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड पद्धतीने काढलेला असून त्यात द्रावकाचा (अर्क विरघळवून काढणाऱ्या रसायनाचा) लवलेशही नाही, असे सांगत बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दराने माल देऊ केला. त्याने दिलेला नमुना प्रत्येक तपासणीत उत्तम उतरला. आगाऊ रक्कम पोचल्यावर आलेल्या पिंपांतला माल मात्र हळदीचा नव्हताच.

मुळात त्याचा दावाच तपासण्याजोगा होता. सुपरक्रिटिकल अवस्थेत, म्हणजे सुमारे ३१ अंश सेल्सिअस तापमान आणि ७४ बार दाब यांच्या पलीकडे, कार्बन डायऑक्साइड उत्तम द्रावक बनतो आणि हळदीतील तेल सहज ओढून घेतो; परंतु कर्क्युमिन त्यात फारच थोडे विरघळते, म्हणून इथेनॉलची जोड द्यावी लागते. व्यापारी प्रमाणावर कर्क्युमिन आजही ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेटसारख्या द्रावकांनीच काढतात आणि स्फटिकीकरणाने शुद्ध करतात. यात गैर काहीही नाही. शिल्लक अंश मर्यादेत असला म्हणजे झाले, आणि औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ॲसिटोनची ही मर्यादा ५००० पीपीएम (दहा लाख भागांत ५००० भाग), तर हेक्झेनची २९० पीपीएम आहे.

दराचेही तसेच. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिनॉइडे, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्या जोडीची रंगद्रव्ये, साधारण २ ते ५ टक्के असतात. ३ टक्क्यांची हळद धरली आणि काहीच वाया गेले नाही असे मानले, तरी एक किलो अर्काला तीस किलोंहून अधिक हळद लागते. देऊ केलेल्या दरात तेवढी हळदही आली नसती. ‘थेट शेतकऱ्यांकडून खरेदी’ हे त्याने दिलेले कारण ही तफावत भरून काढू शकत नाही.

सोबतच्या प्रमाणपत्रातील ९५ टक्के हा आकडा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यूव्ही पद्धतीने काढलेला होता आणि तो खराही होता. त्या पद्धतीने पिवळ्या रंगद्रव्याचे एकूण प्रमाण कळते, त्याचे मूळ कळत नाही. एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगवेगळे करून आलेखावर प्रत्येकाचे शिखर दाखवणाऱ्या चाचणीत, हळदीच्या अर्कात कर्क्युमिन, डिमेथॉक्सिकर्क्युमिन आणि बिसडिमेथॉक्सिकर्क्युमिन अशी तीन शिखरे दिसतात व पहिल्याचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के असतो. आमच्या पिंपांतील मालात जवळजवळ एकच शिखर आले. व्हॅनिलिन आणि ॲसिटिलॲसिटोन यांपासून बनवलेल्या कृत्रिम कर्क्युमिनची ही ओळख आहे. हळदीच्या जातीमुळे असा फरक पडतो, असे पुरवठादाराने सांगितले. जातीनुसार या तिघांचे प्रमाण बदलते हे खरे, पण त्यांतले दोन घटक नाहीसे होत नाहीत.

रक्कम परत मागताना खरी अडचण बिलामुळे आली. त्यावर केवळ ‘कर्क्युमिन ९५ टक्के’ असे लिहिले होते, हळदीचा उल्लेख नव्हता, आणि त्याच आधारावर त्याने हात वर केले. त्यामुळे खरेदीपत्रात आणि बिलात ‘हळदीच्या कंदापासून काढलेले’ हे शब्द, तिन्ही घटकांची वेगवेगळी टक्केवारी आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजलेला द्रावकाचा शिल्लक अंश लिहून घ्यावा, आणि आलेल्या पिंपांतून नमुना आपल्याच माणसाने काढावा. अस्सल अर्कात कृत्रिम माल थोडासाच मिसळला असेल, तर तिन्ही शिखरे दिसतात आणि एचपीएलसीलाही चकवा बसू शकतो. अशा वेळी कार्बन-१४ चाचणी करून घ्यावी, कारण कृत्रिम मालाचा कच्चा माल बहुधा खनिज तेलापासून येतो आणि अशा कार्बनमध्ये तो समस्थानिक (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) उरलेला नसतो.