जोसेफ स्मिथ पेपर्स: कागदांवर भरवसा, प्रस्तावनांवर नजर

निकाल आधीच सांगून टाकतो. मॉर्मन या अमेरिकन ख्रिस्ती पंथाच्या इतिहासात खरोखर रस असेल, तर पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचे मूळ कागद खुले करणाऱ्या ‘जोसेफ स्मिथ पेपर्स’ या वेबसाइटसारखी दुसरी फुकट गोष्ट नाही. पण एकट्या या साइटवर विसंबून मत बनवलंत, तर ते एकांगी होईल, आणि ते कोणत्या अंगाने झुकेल याचा अंदाजही आधी येणार नाही. मी काही महिने रोज रात्री जेवणं आटोपली की ही साइट उघडून बसतो. त्यातून जे लक्षात आलं ते लिहितोय.

मॉर्मनांचं मुख्य ठाणं असलेल्या अमेरिकेतल्या युटा राज्यात राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षातच कळतं की इथे इतिहास हा घरगुती विषय आहे. बोलायला जावं त्याचे खापरपणजोबा हातगाडे ओढत इथवर आलेले असतात. दुसरा कुणी आवाज खाली आणून सांगतो की मी चर्च सोडलं, ते हाच इतिहास वाचून. दोघेही सज्जन, दोघेही ‘मूळ कागद बघा’ म्हणतात. राजवाड्यांची ‘साधने’ चाळलेल्या माणसाला हे आव्हान गोडच वाटणार. म्हटलं, बघू या कागद.

थोडी पार्श्वभूमी. जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हे मॉर्मन चर्च स्थापन केलं आणि २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या हयातीतली पत्रं, रोजनिशा, प्रकटीकरणं (देवाने त्याला सांगितला असं मानलेला मजकूर), सभांची इतिवृत्तं, कोर्टाचे आणि पैशाचे कागद असं सगळं या प्रकल्पात आहे. छापील खंड २००८ ते २०२३ या काळात निघाले, एकूण २७. छापील खंडांत नसलेलं पुष्कळसं वेबसाइटवर आहे. प्रकाशक चर्चच्याच इतिहास विभागाची छापशाखा. म्हणजे ज्याच्या घरचा इतिहास, त्यानेच कपाट उघडून दिलंय. संशय येतो तो इथेच, आणि तो रास्त आहे.

आता प्रत्यक्ष वापर. पडद्यावर एका बाजूला मूळ पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला अक्षरशः उतरवलेला मजकूर. खोडलेलं खोडलेलं दिसतं, ओळीच्या वर घुसडलेले शब्द कोनी कंसात येतात, अक्षर कुणाचं हेही दिलेलं असतं. या खुणा लपवायची सोय आहे. ती वापरू नका, कारण खरी मजा त्या खुणांतच आहे. जोसेफला लहानपणी झालेल्या दर्शनाचा सर्वांत जुना वृत्तांत १८३२ चा. बराचसा त्याच्या स्वतःच्या हातचा, जे दुर्मीळ, कारण एरवी तो लेखनिकांकडून लिहवून घेई. त्यात ‘वयाच्या सोळाव्या वर्षी’ हे शब्द मागाहून ओळीच्या वर घातलेत आणि ते अक्षर फ्रेडरिक विल्यम्स या लेखनिकाचं आहे. १८३८ च्या अधिकृत वृत्तांतात वय चौदा-पंधरा आहे. १८३८ मध्ये दोन दिव्य व्यक्ती दिसतात, १८३२ मध्ये स्पष्टपणे फक्त ‘प्रभू’. टीकाकार म्हणतात, गोष्ट वाढत गेली. श्रद्धाळू म्हणतात, आठवणी अशाच असतात. दोघांनाही हवं ते एकाच पानावर मिळतं आणि साइट ते पान जसंच्या तसं समोर ठेवते. इथवर मी खूष.

मग याच कागदाच्या खाली असलेली ‘स्रोत टीप’ उघडा. प्रत्येक दस्तऐवजाला अशी टीप आहे: कागद कसला, घड्या किती, आजवर कुणाकुणाकडे होता. १८३२ च्या वृत्तांताची तीन पानं एका वहीतून कापून काढली गेली होती. फाटलेला भाग ज्या पारदर्शक चिकटपट्टीने जोडला, ती १९३० नंतरच बाजारात आली, असा बारकावा टिपेत आहे. शाबास! पण पानं कापली कुणी आणि का? टिपेची वाक्यरचना अशी, की पानं ‘काढली गेली’. बाहेरचे संशोधक त्या काळातल्या चर्चच्या इतिहास-प्रमुखाकडे बोट दाखवतात. १९६५ मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात हा मजकूर पहिल्यांदा बाहेर आला, त्याआधी अनेक दशकं सामान्य सभासदाला तो ठाऊकच नव्हता. चिकटपट्टीचं वर्ष शोधणाऱ्या माणसांना कात्रीमागच्या माणसाबद्दल एक वाक्य लिहिणं जड गेलं. संपूर्ण साइटचा स्वभाव मला इथे सापडला. खोटं काही सांगत नाहीत. मात्र कर्ता सांगायची वेळ आली की व्याकरण मदतीला येतं.

दुसरा नमुना याहून रंगतदार. ५ ऑक्टोबर १८४३ ची रोजनिशी, लेखनिक विलर्ड रिचर्ड्स. रस्त्यावर येरझारा घालताना जोसेफने सांगितल्याचं त्याने टिपलंय: अनेक बायका करण्याची शिकवण देणाऱ्यांची आणि तसं वागणाऱ्यांची चौकशी व्हावी, जोसेफची याला मनाई आहे, कोणत्याही पुरुषाला एकच बायको असावी. आता शेजारच्या टॅबमध्ये चर्चचा हस्तलिखित इतिहास उघडा, खंड ई-१, तीच तारीख. हा भाग जोसेफच्या मृत्यूनंतर, १८५० च्या दशकात युटात तयार झाला. तिथे तोच प्रसंग प्रथमपुरुषी झालाय, जणू जोसेफ स्वतः लिहितोय. शिवाय भर पडलीय: या अधिकाराच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, आणि देवाने वेगळी आज्ञा केली नाही तर एका वेळी एकच बायको. मधल्या काळात, १८५२ मध्ये, युटातल्या चर्चने बहुपत्नीत्व जाहीरपणे मान्य केलेलं होतं. मजकूर त्याप्रमाणे बेतून घेतला. समकालीन पत्र आणि मागाहून रचलेली बखर यांतलं अंतर आपल्याला नवं नाही, पण दोन्ही कागद स्वतःच उघडून ठेवणारी संस्था मी तरी फार पाहिलेली नाही.

पण गंमत पुढे आहे. याच रोजनिशीचा दाखला देऊन काही लोक आज ठामपणे म्हणतात की जोसेफ एकपत्नीव्रती होता, बहुपत्नीत्व मागाहून त्याच्या गळ्यात मारलं गेलं. निव्वळ या साइटवर बसून वाचलंत तर त्यांचं म्हणणं बऱ्यापैकी पटू लागतं. मलाही काही दिवस ते वजनदार वाटत होतं. त्याचं कारण निवडीत आहे. प्रकल्पाची मर्यादा ‘जोसेफने लिहिलेले, लिहवलेले किंवा त्याच्या कचेरीत आलेले कागद’ अशी. गुपचूप चालणाऱ्या गोष्टीचे असे कागद मुळात कमीच. १२ जुलै १८४३ चं बहुपत्नीत्वाचं प्रकटीकरण किंग्जबरी नावाच्या माणसाने केलेल्या नकलेत टिकलं. ज्या स्त्रियांशी जोसेफची लग्नं झाली त्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा झाली १८६९ मध्ये, आणि पुढे १८९२ मध्ये एका खटल्यात त्यांपैकी काहींनी शपथेवर साक्षी दिल्या. ही प्रतिज्ञापत्रं आणि साक्षी १८४४ नंतरच्या, म्हणून चौकटीबाहेर. चौकट प्रामाणिकपणे आखलेली आहे, तरी तिच्यामुळे पुरुषाचा आवाज मोठा येतो आणि बायकांचा येतच नाही. चर्चनेच २०१४ मध्ये वेगळ्या निबंधात मान्य केलं की काळजीपूर्वक अंदाज तीस ते चाळीस पत्नींचा आहे आणि त्यांतली एक पंधरावा वाढदिवस काही महिन्यांवर असताना त्याच्याशी विवाहबद्ध झाली. तो निबंध शेजारी ठेवूनच १८४३ च्या रोजनिशा वाचाव्यात.

‘चर्चने छापलं म्हणजे चर्चची बाजू’ असं म्हणून मोकळं होणाऱ्यांनाही थोडं सांगायचंय. या क्षेत्रातले सर्वांत कठोर घाव बऱ्याचदा आतल्या माणसांनी घातलेत. ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोज इथे युटातल्या मॉर्मन मिलिशियाने सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. या प्रकरणाचा पहिला चोख अभ्यास १९५० मध्ये जुआनिटा ब्रूक्स यांनी केला. बाई दक्षिण युटातल्या, श्रद्धावान, अखेरपर्यंत चर्चमध्ये राहिलेल्या. उलट बाजूला फॉन ब्रोडी. १९४५ मध्ये त्यांनी लिहिलेलं जोसेफचं चरित्र वाचायला आजही झकास, आणि त्यापायी त्यांना १९४६ मध्ये बहिष्कृत केलं गेलं. पण ऑलिव्हर ब्युएल नावाचा मुलगा जोसेफचा असावा, याला त्यांनी पुरावा म्हणून मुलाच्या चेहऱ्यातलं साम्य जमेस धरलं. २००७ मध्ये डीएनए तपासणीत ते साफ खोटं ठरलं. चर्चविरोधी म्हणजे तटस्थ, असं मानायचं कारण नाही. १८३४ मध्ये जोसेफच्या शेजाऱ्यांचे जे कुप्रसिद्ध जबाब छापले गेले, ते गोळा करणारा हर्लबट चर्चमधून हाकललेला आणि खार खाऊन असलेला. म्हणून ते जबाब खोटे असं होत नाही. प्रश्न त्याने निवडले, हे वाचताना ध्यानात ठेवायचं एवढंच.

चर्चचं कपाट नेहमी असं उघडं नव्हतं. १९७२ मध्ये लिओनार्ड ॲरिंग्टन हे पहिले व्यावसायिक इतिहासकार चर्चचे इतिहास-प्रमुख झाले. खजिना खुला झाला, तरुण संशोधक जमले, आणि दहा वर्षांत सगळं आवरतं घेतलं गेलं. १९८१ मध्ये एका ज्येष्ठ प्रेषिताने, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ नेत्याने, चर्चच्या धर्मशिक्षकांना बजावलं की काही गोष्टी खऱ्या असल्या तरी फारशा उपयोगाच्या नसतात. मग मार्क हॉफमन आला. त्याने बनावट जुनी पत्रं करून चर्चला, संग्राहकांना आणि विद्वानांनाही विकली, आणि बिंग फुटायची वेळ आली तेव्हा ऑक्टोबर १९८५ मध्ये बॉम्ब ठेवून दोन माणसं मारली. त्याच्या पत्रांवर श्रद्धाळू आणि टीकाकार दोघांनीही सिद्धान्त उभे केले होते. कागद आला कुठून, याबद्दल ही साइट एवढी काटेकोर का, हे त्यानंतर सांगावं लागत नाही. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये सहा लेखक-अभ्यासकांवर कारवाई झाली, पाच बहिष्कृत, त्यांत इतिहासकार मायकेल क्विनही. म्हणून ‘आता आम्ही सगळं उघड करतोय’ या सुरावर जुन्या माणसांचा पटकन विश्वास बसत नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

तरी उघड झालंय ते कमी नाही. कौन्सिल ऑफ फिफ्टी या गुप्त मंडळाची इतिवृत्तं अनेक पिढ्या बंद होती, २०१६ मध्ये पूर्ण छापली. ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या धर्मग्रंथाच्या छपाईप्रतीच्या (छापखान्यासाठी केलेल्या हस्तलिखित नकलेच्या) खंडात, २०१५ मध्ये, जोसेफ ज्यात बघून मजकूर सांगे त्या तपकिरी अंडाकृती दगडाचे फोटो दिले. ती छपाईप्रत तेव्हा कम्युनिटी ऑफ क्राइस्ट या दुसऱ्या शाखेकडे होती. म्हणजे एकेकाळी एकमेकांना पाखंडी म्हणणाऱ्या दोन चर्चनी मिळून हा खंड काढला. संपूर्ण प्रकल्पात मला सर्वांत भरवशाचं काम हेच वाटलं, कारण चूक पकडायला दुसरा भाऊबंद शेजारीच बसलेला.

किरकोळ तक्रारी. सर्च डोकं फिरवतो. मूळ स्पेलिंग जसंच्या तसं ठेवल्याने तुम्ही बरोबर शब्द टाकलात की १८४० च्या लेखनिकाची चुकीची नोंद निसटते. दोन-तीन स्पेलिंगं टाकून पाहायची सवय लावा. मोबाइलवर पानाचा फोटो आणि मजकूर एकत्र बघायचा नाद सोडा, लॅपटॉपच हवा. तळटिपांत सगळीकडे आद्याक्षरं, सुरुवातीला जीव मेटाकुटीला येतो. नावांची सूची मात्र उत्तम, व्यक्तीवर क्लिक केलं की चार ओळींत जन्म-मृत्यू, कोण, कुठला.

माझी पद्धत आता अशी: आधी फोटो, मग उतारा, मग स्रोत टीप, आणि संपादकांनी कागदाला जोडलेली प्रस्तावना, म्हणजे ‘ऐतिहासिक परिचय’, सगळ्यांत शेवटी. परिचय आधी वाचला की कागदात तेच दिसायला लागतं. परिचयात कर्मणी वाक्य आलं की मी थांबून कर्ता कोण ते दुसरीकडे शोधतो. रिचर्ड बुशमन यांचं २००५ चं चरित्र यासाठी हाताशी बरं पडतं. लेखक श्रद्धावान आहेत, ते लपवत नाहीत, आणि अवघड प्रसंग टाळतही नाहीत.

गुण द्यायचेच तर कागदांना पाचपैकी पाच, परिचयांना तीन. १८४४ पुढचं काही शोधत असाल तर इथे येऊन उपयोग नाही. १८५० च्या दशकात ह्यू फिन्डले नावाचा मॉर्मन मिशनरी मुंबई आणि पुण्यात धर्मप्रचार करत होता. मला त्याच्याबद्दल वाचायचं होतं. त्यासाठी चर्चचा मुख्य कॅटलॉग वेगळा आहे, तो तिथून शोधावा लागतो, आणि तिथे ना असे नीट उतारे, ना तळटिपा.