‘हॅपी बर्थडे’ डेकोरेशन किट: मांजर असलेल्या भाड्याच्या फ्लॅटला कितपत चालतं?

चार-पाच जण मिळून राहतात अशा फ्लॅटमध्ये कुणाचा वाढदिवस आला की आदल्या दिवशी ग्रुपवर वर्गणी निघते आणि कुणीतरी ऑनलाइन तयार किट मागवून मोकळं होतं. अडीचशे-तीनशेपासून सहाशे रुपयांपर्यंत. कंपनी कुठलीही असो, आतला माल जवळपास तोच: सोनेरी किंवा गुलाबी फॉइलची अक्षरं, तीस ते पन्नास चकचकीत फुगे, झिरमिळ्यांचे दोन पडदे, फुग्यांच्या कमानीसाठी भोकांची प्लॅस्टिक पट्टी, गोंदाचे ठिपके, रिबीन आणि महागातल्या किटमध्ये हातपंप. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या किटचं आहे. आणि तेही अशा घरासाठी, जिथे एक मांजर आहे, भिंती घरमालकाच्या आहेत आणि खालच्या मजल्यावर लवकर झोपणारे काका-काकू आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. अक्षरं, पंप आणि कमानीची पट्टी एवढ्यातच पैसे वसूल होतात. झिरमिळ्या आणि रिबीन यांचं पाकीट फोडूच नका.

अक्षरं एकूण तेरा: ‘हॅपी’ची पाच, ‘बर्थडे’ची आठ. पार्सल हातात आल्याबरोबर मोजा. एच, ए, पी आणि वाय ही दोन-दोन हवीत. एखादं कमी असेल तर सुटं मिळतं, पण सोनेरीची छटा आणि उंची जुळेलच असं नाही. अक्षरं बहुतेक 16 इंची असतात. खोक्यावरच्या फोटोत ती हवेत तरंगताना दाखवतात, पण एवढ्या लहान अक्षरात मावणारा हेलियम त्याचं स्वतःचं वजनही उचलत नाही, त्यामुळे गॅस भरून आणण्याच्या भानगडीत पडू नका. तोंडाशी दोन पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटलेले असतात. ते बोटांनी चोळून सुटे करा, सोबतची स्ट्रॉ दोनेक इंच आत सरकवा आणि तोंडाने फुंका. पंपाचं जाड नळकांडं घुसवलं की पापुद्रा फाटतो, मग ते अक्षर तासाभरात मान टाकतं. शिवणीच्या कडेला थोड्या सुरकुत्या असतानाच थांबायचं. पूर्ण तट्ट भरलेलं अक्षर गरम खोलीत शिवणीवर उसवतं. याउलट एसीच्या खोलीत अक्षरं मलूल दिसली तर घाबरू नका, आतली हवा थंड होऊन आकसलेली असते. एसी बंद केला की ती पुन्हा अंग धरतात.

अक्षरांच्या वरच्या टोकाला दोरा ओवायची भोकं असतात. मांजर घरात असेल तर दोरा नकोच. प्रत्येक अक्षर मागून दोन जागी टेप लावून थेट भिंतीवर बसवा. तसंही दोऱ्यावर ‘आय’ हे बारीक अक्षर सारखं गरगर फिरत राहतं, ती कटकटही वाचते.

टेप कुठली, हा भाड्याच्या घरातला खरा प्रश्न. किटमधले गोंदाचे ठिपके फुगा फुग्याला चिकटवायला उत्तम, भिंतीला लावायला अजिबात नाही. डिस्टेंपरच्या भिंतीवरून ठिपका काढताना रुपयाएवढा रंगाचा पोपडा निघतो आणि घर सोडताना तो डिपॉझिटमधून वजा होतो. रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप आणा. काढताना टेप स्वतःकडे न खेचता भिंतीलगत मागे दुमडत हळूहळू सोडवायची. त्याहून बरं म्हणजे सजावट भिंतीवर न करता कपाटाच्या सनमायकावर किंवा बाल्कनीच्या काचेवर करायची; तिथे कुठलीही टेप चालते.

फुगे साधारण 10 इंची असतात. ते आठ-नऊ इंचांवर थांबवा. पूर्ण फुगवलेला चकचकीत फुगा ताणून इतका पातळ होतो की खडबडीत भिंत, गरम बल्ब किंवा मांजराचं एक नख त्याला पुरतं. दहा बाय बाराच्या खोलीला वीस फुगे भरपूर होतात. पन्नासचे पन्नास फुगवून जमिनीवर सोडले तर फोटो छान येतो, पण मग छताचा पंखा बंद ठेवावा लागतो आणि फटाफट फुगे फुटायला लागले की मांजर पलंगाखाली जाऊन बसतं ते रात्रभर बाहेर येत नाही. त्यातही दार उघडं असेल तर ते पलंगाखाली न जाता जिन्याने खाली जातं. फुटलेल्या फुग्याची रबरी चिंधी त्याच क्षणी उचला. मांजर ती चघळत चघळत गिळून टाकतं.

कमानीची पट्टी पाच मीटरची असते. ती पूर्ण भरायला किटमधले फुगे पुरत नाहीत, विरळ कमान तर दात पडल्यासारखी दिसते. दीड-दोन मीटर कापून तेवढीच दाट करा, उरलेली पुढच्या वाढदिवसाला ठेवा. दोन फुग्यांच्या गाठी एकमेकींना बांधून जोडी करण्याची गरज नाही. पट्टीच्या मोठ्या भोकातून गाठ आत घालून ती लहान खाचेत सरकवली की अडकते. पंप दोन्ही बाजूंनी हवा मारणारा असेल तर वीस फुग्यांचं काम पाव तासात उरकतं. किटमध्ये पंप नसेल तर शंभरच्या आसपास वेगळा मिळतो, तो घ्याच.

आता झिरमिळ्या. तीन फूट रुंद, सहा फूट लांब चमचमता पडदा, वाऱ्याने सळसळणारा. मांजराला खुणावण्यासाठी याहून चांगलं काही कुणाला बनवता येणार नाही, आणि अडचण तीच आहे. पट्ट्या वरच्या कडेला नुसत्या चिकटवलेल्या असतात, हिसका बसला की सुटून हातात येतात. मांजराच्या जिभेवरचे काटे मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेली लांब पट्टी त्याला थुंकता येत नाही, ती आतच जात राहते. एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं आणि दुसरं टोक आतडं पुढे ढकलत राहतं. मग परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर कापड गोळा होतं तसं आतडं त्या पट्टीवर गोळा होतं आणि ताणलेल्या जागी चिरतं. यावर उपाय बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच. रिबीन, टोपीचं इलॅस्टिक, केकच्या खोक्याची सुतळी, भेटवस्तूची कुरळी फीत या सगळ्यांचा धोका एकच.

तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आत अडकलेला दोरा ओढला की तो आतडं कापत येतो. लोंबतं टोक तसंच राहू द्या, मांजराला खायला काही देऊ नका आणि थेट डॉक्टर गाठा. दोरा दिसत नसेल, पण पार्टीनंतर मांजर सारखं उलट्या करत असेल, जेवणाला तोंड लावत नसेल, कोपऱ्यात दडून बसत असेल, तर ‘गर्दीने घाबरलंय’ म्हणून दोन दिवस वाट पाहण्यात अर्थ नाही. रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कुठला, हे सजावट करण्याआधीच शोधून ग्रुपवर टाकून ठेवा.

मागे पडदा हवाच असेल तर जुनी काठाची साडी लावा. फॉइलपेक्षा फोटोत कितीतरी देखणी दिसते, आणि नख लागून एखादा धागा निघाला तरी धुऊन परत घडी घालता येते. कागदी पंखे आणि कागदी पताकाही चालतील, फक्त त्या ज्या सुतळीवर ओवलेल्या असतात तिची टोकं लोंबती ठेवू नका.

काही किटमध्ये तांब्याच्या तारेवरचे बारीक दिवे असतात. ते बटण सेलवर चालत असतील तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते पाहा. निसटलेला बटण सेल मांजराने तोंडात धरला तरी तोंड आतून भाजतं.

किट घेताना दुकानदार गल्ल्याजवळचं आणखी सामान पुढे करतो. त्यातला स्नो स्प्रे तर सरळ नाकारा. त्यातला वायू ज्वलनशील असतो, आणि तो नेमका पेटत्या मेणबत्तीवर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर मारला जातो. पार्टी पॉपरचं टोक छताकडे असलं तरी चमकी महिनाभर सोफ्याच्या फटींतून निघत राहते आणि मांजर ती पंजाने चाटून पोटात घेतं. फुंकर मारली तरी पुन्हा पेटणाऱ्या मेणबत्तीच्या वातीत मॅग्नेशियम असतं; ती विझली असं समजून कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, वाटीभर पाण्यात बुडवा. रस्त्यावरच्या गॅसच्या फुग्यांत पुष्कळदा हेलियम नसून स्वस्तातला हायड्रोजन असतो. तो ज्योतीजवळ फुटला तर भडका उडतो, म्हणून ते फुगे केकच्या खोलीत नकोतच.

केकबद्दल थोडक्यात. चार रूममेट आणि शेजारची दोन घरं धरली तर एक किलो पुरतो, बिनअंड्याचा घेतला की शेजारच्या आजीही खातात. मांजराला गोड चव कळत नाही, ते क्रीम चाटतं ते त्यातल्या चरबीसाठी. चॉकलेट मात्र त्याला विषारी, आणि जितकं गडद तितकं जास्त. बिर्याणी, गार्लिक ब्रेड, तंदुरी यांतला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो, त्यामुळे ‘एक तुकडा माऊला’ हा लाड पाहुण्यांना आधीच बंद करून ठेवा.

पाहुण्यांनी आणलेला पुष्पगुच्छ मात्र दारातच तपासा. गुलाब आणि जरबेरा ठीक. मोठ्या पाकळ्यांची, उग्र वासाची लिली असेल तर गुच्छ घरात येऊच देऊ नका, शेजारी देऊन टाका, अर्थात त्यांच्याकडे मांजर नसेल तर. लिलीचं पान, पाकळी, अंगावर सांडलेला पराग, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. परागाने माखलेलं अंग चाटलं तरी पुरे. लिली खाल्ल्याची शंका जरी आली तरी लक्षणं दिसायची वाट न पाहता निघा. पहिल्या 18 तासांच्या आत सलाइन सुरू झालं तर जीव वाचण्याची शक्यता चांगली असते. कुंडीतली पीस लिली वेगळी. तिने तोंडाची आग होते, मूत्रपिंडांना धोका नसतो.

रात्री बाराला केक कापायची पद्धत रूममेटांच्या घरांतून काही जाणार नाही, तेव्हा तिच्यापुरती तरतूद. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6, आणि रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. चार जणांचं ‘हॅपी बर्थडे टू यू’ त्याच्या कितीतरी वर जातं. खिडक्या लावून गाणं एकदाच म्हणा. खालच्या घराला सगळ्यात जास्त त्रास गाण्याचा नसतो, तो बर्थडे बम्प्सच्या धपधपीचा आणि खुर्च्या सरकवण्याचा असतो. हे प्रकार आवरा किंवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करा. औक्षणही त्याच वेळी करावं. तबकातलं निरांजन आणि मांजराची शेपटी मात्र एका उंचीवर येऊ देऊ नका.

मांजराची सोय पाहुणे यायच्या तासभर आधी लावा. एका बेडरूममध्ये त्याचं वाळूचं खोकं, पाणी, नेहमीची चादर आणि पुठ्ठ्याचं एक रिकामं खोकं. पंखा चालू ठेवला की बाहेरचा आवाज थोडा दबतो. दाराला ‘आत मांजर आहे, उघडू नका’ अशी चिठ्ठी. बॅगा आणि चपला त्या खोलीत ठेवू नका, नाहीतर दर दहा मिनिटांनी कुणीतरी दार उघडणारच. मुख्य दारापाशी एका रूममेटची ड्यूटी लावा, कारण मांजर निसटतं ते नेमकं निरोप घेताना, दार अर्धं उघडं आणि गप्पा रंगलेल्या असताना.

आवरायला सकाळची वाट पाहू नका. मांजर पहाटे मोकळं सुटतं आणि जमिनीवरचं सगळं त्याच्या तावडीत येतं. फुगे टाचणीने फोडू नका. गाठीजवळची मान ताणून धरा आणि गाठीच्या आत बारीक कात्री मारा, हवा फुस्स करून निघून जाते, आवाज होत नाही. चमकी काढायला झाडू निरुपयोगी. पॅकिंग टेप उलटी करून हाताला गुंडाळा आणि फरशीवर थोपटत चला. कचऱ्याची पिशवी गाठ मारून दाराबाहेर. अक्षरांत पुन्हा स्ट्रॉ घालून हलक्या हाताने हवा काढली, घड्या न पाडता सपाट ठेवली, तर तीच अक्षरं आणखी दोन-तीन वाढदिवस चालतात. तसा हिशेब केला तर पुढच्या वेळी पूर्ण किट मागवायचं कारण उरत नाही. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर इथे फुग्यांचं पाकीट आणि मास्किंग टेप सुटी मिळते. झिरमिळ्या घरात येत नाहीत, आणि वर्गणीतून उरलेल्या पैशांत केकचा आकार वाढवता येतो.