वाद्यांच्या विम्याचं एक वर्ष आणि 'रीड' हा एक शब्द

गेल्या जूनमध्ये मी माझ्या दोन पेट्या (हार्मोनियम), इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि माइक यांचा ऑल रिस्क विमा काढला, म्हणजे अटींत वगळलेलं सोडून बाकी सगळ्या नुकसानीचा विमा. आता नूतनीकरणाची वेळ आली आहे. एक दावा करून झाला, एकदा नकार पचवून झाला, पत्रापत्री झाली. म्हणून आता लिहिते. ऑक्टोबरात लिहिलं असतं तर "अजिबात घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं.

आधी पैशाचं सांगते, कारण माझा पहिला अडसर तोच होता. मोठी पेटी 85,000, स्केल चेंजर (सूर वर-खाली सरकवता येणारी दुसरी पेटी) 45,000, बाकीचं 10,000, असे मिळून 1,40,000. सव्वा टक्क्याने हप्ता 1,750 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 315. एकूण 2,065 रुपये. साथीला बसणाऱ्या माणसाला ही रक्कम छोटी नाही. एजंटने सुचवलं, "मोठी पेटी 50,000चीच दाखवा ना मॅडम, हप्ता कमी होईल." हिशेब केला तर 516 रुपये वाचत होते. मोह झालाच. घरी येऊन अटी वाचल्या तेव्हा कळलं, की खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा काढला, तर नुकसानभरपाईही त्याच प्रमाणात कापतात. पेटी 85,000ची आणि विमा 50,000चा असेल, तर 31,500च्या दुरुस्तीचे साधारण 18,500च हातात येतात. हा आकडा मी उगाच घेतलेला नाही, पुढे माझं बिल नेमकं एवढंच झालं. ते 516 रुपये मी भरले होते म्हणून निभावलं.

अर्ज भरताना आणखी एक गोष्ट मी हट्टाने बदलून घेतली. वापराच्या रकान्यात एजंटने "छंद" लिहिलं होतं. मी मानधन घेऊन वाजवते. नाट्यसंगीत, अभंग, शास्त्रीय मैफली, श्रावणात मंगळागौरीसुद्धा. ते खोडून "व्यावसायिक कार्यक्रम" लिहायला लावलं. त्याने तोंड वाकडं केलं. पण दाव्याच्या वेळी सर्वेअरने, म्हणजे नुकसान पाहायला कंपनीने पाठवलेल्या माणसाने, पहिला प्रश्न हाच विचारला, की त्या दिवशी पैसे घेऊन वाजवायला गेला होतात का.

मोठ्या पेटीचं बिल माझ्याकडे नव्हतं. ती मी 2009 साली एका ज्येष्ठ वादकांकडून घेतली. साडेतीन सप्तकं, 42 पट्ट्या, प्रत्येक पट्टीला खर्ज-नर-मादी असे तीन सूर, म्हणजे एकूण 126 सूर, आणि ते जुने जर्मन. सूर म्हणजे हवेने थरथरून आवाज देणारी पितळेची जीभ. अशा पेटीची किंमत वर्षागणिक वाढते, पण विम्याच्या कागदावर जुनी वस्तू म्हणजे स्वस्त वस्तू. माझी पेटी नेहमी दुरुस्त करणाऱ्या कारागीर काकांनी त्यांच्या लेटरहेडवर किंमत लिहून दिली. शिवाय झाकण उघडून आतले फोटो काढून ठेवायला लावले. काकांच्या त्या सांगण्यानेच मला पुढे वाचवलं.

आता मूळ गोष्ट. गणेशोत्सवात चिपळूणला कार्यक्रम होता. पाऊस धरलेला, मंडपाच्या दगडी पायऱ्या शेवाळलेल्या. टेम्पोतून सामान उतरवणाऱ्या मुलाचा पाय सरकला आणि पेटी केससकट तीन पायऱ्या खाली आली. मुलाला खरचटलं फक्त, ते बरं झालं. केसला पोचासुद्धा आला नाही. मी लगेच भाता मारून पट्टी दाबली. मध्य सप्तकातला पंचम आला आणि त्याच्या मागे एक खरखर आली, जी मी सोळा वर्षांत त्या पेटीतून ऐकली नव्हती. कार्यक्रम मंडळाच्या भजनी पेटीवर केला. त्याच रात्री फोटो काढून कंपनीला ईमेल केला. हे मात्र उद्यावर ढकलू नका.

सर्वेअर तिसऱ्या दिवशी पुण्यात काकांच्या दुकानात आले. गाड्यांची आणि यंत्रांची पाहणी करणारे गृहस्थ. पेटी त्यांनी आतून पहिल्यांदाच पाहिली, पण लक्ष देऊन पाहिली. काकांनी सूर बसवलेली लाकडी पाटी काढून उजेडाकडे धरली. लाकडाला उभी चीर गेलेली, तिच्यातून ट्यूबलाइटची बारीक रेघ दिसत होती. चिरेवर बसलेल्या सुरांच्या पितळी पट्ट्या स्क्रूंनी ओढून पिळल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या जिभा खाचेच्या कडेला घासत होत्या. काकांनी एकेक जीभ नखाने हलकेच उचलून सोडली. चांगली असेल तर टण् वाजायची, बिघडलेली नुसती खर्र करायची. अशा सतरा निघाल्या. चार तर मुळाशीच तुटलेल्या.

बिल असं झालं: नवी पाटी आणि मजुरी 9,000, पेटीची बांधणी आणि भाता 4,500, सतरा सूर बदलून पूर्ण पेटी सुरात लावणं 18,000. जुन्या जर्मन सुरांच्या जवळ जाणारे सूर काकांनी दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या पेटीतून मिळवले. गुजरातेतल्या पालिताण्याचे नवे सूर यापेक्षा कमी पैशात झाले असते आणि तेही उत्तम असतात, पण एकाच पेटीत दोन जातींचे आवाज मला चालले नसते.

ऑक्टोबरात कंपनीचं पत्र आलं. 13,500 मंजूर, त्यातून दर दाव्याला आपण सोसायचे 1,000 वजा. सुरांचे 18,000 पूर्ण नामंजूर. कारण: पॉलिसीतल्या वगळणीत, म्हणजे भरपाई न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत, "रीड, तारा आणि चामड्याची पुडी यांची मोडतोड" असं लिहिलंय.

मी ते पत्र किती वेळा वाचलं असेन! ही अट कशासाठी आहे ते कोणत्याही वादकाला कळतं. सतारीची तार तुटते, तबल्याची पुडी फाटते, क्लॅरिनेटची वेताची पात झिजते. वाजवताना जाणाऱ्या वस्तू आहेत, आपण त्या स्वतःच्या खर्चाने बदलत राहतो. त्यांचा विमा कोणी मागत नाही. पण पेटीचा सूर ही बदलत राहायची वस्तू नाही. तो पितळेचा असतो आणि नीट जपला तर वादकाच्या हयातीपेक्षा जास्त टिकतो. पेटीची किंमत त्याच्यावरच ठरते. सूर काढून घेतले तर उरतो सागवानाचा खोका आणि भाता. इंग्रजीत क्लॅरिनेटच्या वेतालाही रीड म्हणतात आणि पेटीच्या पितळेलाही रीडच म्हणतात. आपल्याकडे कारागीर एकाला पात म्हणतो आणि दुसऱ्याला सूर. हा फरक पॉलिसी लिहिणाऱ्याच्या टेबलावर पोचलाच नाही आणि त्यापायी माझे 18,000 गेले होते.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मी चार पानी पत्र लिहिलं. त्यात लिहिलं, की 1842 मध्ये दबां या फ्रेंच वाद्यकाराने पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हापासून या वाद्याचा आवाज धातूच्या याच जिभेतून येतो. ती वाद्याचा मूळ भाग आहे. सोबत काकांचं पत्र जोडलं: हे सूर वाजवून झिजलेले नाहीत, पाटी फुटल्याने पिळले गेले आहेत आणि पाटीचं नुकसान तर कंपनीने मान्यच केलं आहे. पडण्याआधीचे आणि नंतरचे आतले फोटो शेजारी शेजारी लावले. एका वकील रसिकांनी सुचवलेला मुद्दाही घातला, की विमा करारातल्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर तो शब्द लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध आणि ग्राहकाच्या बाजूने अर्थ लावायचा, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मानलेलं तत्त्व आहे. शेवटी लिहिलं, की महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडे जाईन. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे. मी खरंच जाणार होते.

सव्वीस दिवसांनी उत्तर आलं. सुरांचा दावा 20 टक्के घसारा (जुनेपणाची वजावट) कापून मंजूर: 14,400. म्हणजे 31,500 पैकी एकूण 26,900 मिळाले. घसारा मला अजूनही पटलेला नाही, कारण जुने जर्मन सूर घसरत नाहीत. पण सणासुदीत आणखी भांडायची ताकद नव्हती, मी सही केली.

इथे माझं मत बदललं. 2,065 भरून 26,900 आले, याला मी वाईट व्यवहार म्हणू शकत नाही. सर्वेअर सरळ होते, पैसे मंजुरीनंतर आठवड्यात खात्यात आले. जे मिळालं नाही तेही सांगते. पेटी अठरा दिवस दुरुस्तीत होती. त्या काळात अकरा कार्यक्रमांना भाड्याची पेटी न्यावी लागली, दर वेळी 600 रुपये. हे 6,600 विम्यात बसत नाहीत, बुडालेलं मानधनही बसत नाही. ऐन हंगामात हेच जास्त टोचतं.

गाडीची अट तर पाठच करा. गाडीत कोणी नसताना वाद्य चोरीला गेलं, तर गाडी कुलूपबंद होती आणि फोडल्याच्या खुणा आहेत हे दाखवावं लागतं. सुरुवातीला मला ही अट जाचक वाटली. आता रात्री परतताना ढाब्यावर थांबलो, की जेवणाच्या टेबलाशेजारी माझी पेटी असते. तबलजी आधी हसायचे, आता तेही डग्गा आत आणतात. उंदराने भाता कुरतडला किंवा दमट हवेने लाकूड फुगलं तरी काही मिळत नाही. आणि माझ्या पॉलिसीची हद्द फक्त भारत आहे, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात वाजवायला जाणाऱ्यांनी ते आधीच वाढवून घ्यावं.

नूतनीकरण करणार का? करणार. पण या वेळी मी एक वाक्य मागितलं आहे: "हार्मोनियमचे धातूचे सूर हे वाद्याचा अविभाज्य भाग असून रीडच्या वगळणीत येत नाहीत." एजंट म्हणाला, छापील मजकूर बदलत नाही. मी म्हटलं, मजकूर राहू दे, त्याला पुरवणी जोडा. तीन ईमेल झाल्या. काल फोन आला, की फाइल विभागीय कार्यालयात गेली आहे. जुनी पॉलिसी संपायला नऊ दिवस आहेत. पुरवणी आली नाही तरी हप्ता मी आठव्या दिवशी भरणार, कारण दहाव्या दिवशी साताऱ्याला कार्यक्रम आहे आणि पेटी पुन्हा टेम्पोतच जाणार आहे.