अवलंबी घटना शिकवायला कॅरमच्या सोंगट्या: सेट कसा निवडावा, कसा वापरावा

अकरावीला सशर्त संभाव्यता (एक घटना घडली हे कळल्यावर दुसरीची शक्यता) आली की बहुतेक ठिकाणी पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. पण लागोपाठ दोन एक्के येण्याची संभाव्यता १/२२१ आहे, अशी जोडी अख्ख्या तासात क्वचितच दिसते. शिवाय इस्पिक-किलवर न ओळखणारी मुलं आता वर्गात बरीच असतात. कॅरम मात्र चाळीत खेळतात तसाच टॉवरच्या क्लबहाऊसमध्येही. म्हणून मुंबईत धोबी तलावच्या खेळाच्या दुकानांत मिळणारा लाकडी सोंगट्यांचा सेट आणि जाड कापडाची पिशवी या कामाला जास्त चांगली.

सेटमध्ये ९ काळ्या, ९ पांढऱ्या आणि एक राणी, एकूण १९. परत न टाकता दोन काढल्या तर दोन्ही काळ्या येण्याची संभाव्यता ९/१९ × ८/१८ = ४/१९. मुलं हमखास ८/१८ च्या जागी ८/१९ लिहितात, कारण काळी कमी झाली हे लक्षात राहतं, एकूण कमी झालं हे सुटतं. अशा वेळी पहिली सोंगटी बाजूला ठेवून पिशवी बाकावर पालथी करावी आणि मोजायला लावावं: १८, त्यांत काळ्या ८. छेद का बदलला हे फळ्यावर दहादा लिहून पटत नाही, ते इथे लगेच पटतं. एक काळी-एक पांढरी विचारलं की दुसरी चूक निघते. काळी आधी आणि पांढरी आधी असे दोन क्रम धरायचे असतात, म्हणून ९/१९ × ९/१८ ची दुप्पट, म्हणजे ९/१९.

सोंगटी परत टाकून आणि न टाकता यांतला फरक दाखवणाऱ्या प्रयोगाला मात्र १९ सोंगट्या घेऊ नयेत. दोन्ही काळ्यांचं उत्तर परत टाकून ८१/३६१ येतं, न टाकता ४/१९. ४८० वेळा दोन-दोन काढल्या तर सरासरी १०८ आणि १०१, एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. दोन काळ्या, दोन पांढऱ्या घ्या: परत टाकून १/४, न टाकता १/६. ४८० मध्ये साधारण १२० विरुद्ध ८०. हा फरक लपत नाही.

सेटचा खरा कस स्पर्शात लागतो. स्पर्धेच्या नियमांत सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंमी आणि वजन ५ ते ५.५ ग्रॅम असतं, स्वस्त सेटमध्ये एवढी काटेकोरी नसते. काळ्या रंगाचा थर जाड असला की कडा गुळगुळीत लागते, बोटांना रंग कळतो आणि 'प्रत्येक सोंगटी येण्याची शक्यता सारखी' हे गृहीतच कोसळतं. दुकानातच डोळे मिटून एक काळी, एक पांढरी चोळून पाहावी. फरक कळला तर तो सेट नको. बोरिक पावडर लागली असेल तर कोरड्या फडक्याने सगळ्या सारख्या पुसाव्यात. राणी वेगळी लागत असेल तर ती काढून १८ वर गणित मांडावं.

सगळ्यात मोलाचा प्रयोग शेवटी करावा. पूर्ण १९ घेऊन पहिली सोंगटी न बघता वाटीखाली झाकायची, दुसरी उघडी काढायची. दुसरी काळी आली, तर झाकलेली काळी असण्याची संभाव्यता किती? मुलं ठामपणे ९/१९ सांगतात, 'ती तर आधीच काढली होती' म्हणून. पण दिसलेली काळी वगळली की उरतात १८, त्यांत काळ्या ८, आणि झाकलेली त्यांपैकीच एक. उत्तर ८/१८, म्हणजे ४/९. क्रम आधीचा असला तरी माहिती नंतर मिळाली, आणि सशर्त संभाव्यता माहितीवर बदलते. नंतर मिळालेल्या माहितीवरून आधीच्या घटनेची संभाव्यता काढणाऱ्या बेजच्या प्रमेयाची वाट इथूनच सुरू होते, म्हणून या वाटीपाशी घाई करू नये.

दोन काळ्या-दोन पांढऱ्यांच्या प्रयोगासाठी एका सेटमधून चार-चार सोंगट्यांचे चार गट निघतात. ४० मुलांचे पाच-पाचचे आठ गट केले तर दोन सेट पुरतात, प्रत्येक गटाने दोन्ही पद्धतींनी ६०-६० वेळा काढल्या की प्रत्येकीचे ४८० भरतात. दोन्ही सेटच्या सोंगट्या एकाच पिशवीत मिसळू देऊ नका, जाडीतला फरक लगेच हाताला लागतो.