मान-पाठ आखडलीय: ताण खुर्चीत द्यायचा की सतरंजीवर?

मावसबहीण बँकेत काम करते. संध्याकाळी मान लाकडासारखी होते. तिचा प्रश्न: जागेवर बसूनच ताण द्यावा, की घरी येऊन सतरंजीवर मार्जारासन (हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ खाली-वर करणं), बालासन (गुडघे दुमडून बसून पुढे वाकणं, कपाळ जमिनीला) करावं? दोन्ही जमणार नाही, हे तिनेच आधी सांगून टाकलं.

वेळ आणि जागा बघितली तर खुर्ची सरस. दोन मिनिटं पुरतात. सतरंजीला दहा मिनिटं आणि मोकळी जमीन हवी. संध्याकाळी आमच्या घरांत ती मिळेल तेव्हा खरं.

आराम नेमका कुठे पडतो, हा मोठा फरक. डोक्याचं वजन साधारण ५ किलो. स्क्रीनकडे मान पुढे गेली की मागच्या स्नायूंवरचा भार वाढतो. हनुवटी सरळ मागे ओढणं, कान खांद्याकडे झुकवून २०-३० सेकंद थांबणं, याने तिथेच सैल वाटतं. कंबरेला मात्र याचा फारसा उपयोग नाही. मार्जारासनात श्वास घेताना पाठ खाली, सोडताना मांजरासारखी वर. अख्खा कणा हलतो.

जपायचं दोन्हीकडे. खुर्चीत लोक मान गरागरा फिरवतात, ते नको. सतरंजीवर गुडघे बोलतात. खाली चादरीची जाड घडी घ्या.

मानच धरत असेल, दिवसभर बैठं काम असेल, तर खुर्चीतलं, दर तासाला. सकाळी उठताना पाठ-कंबर ताठ असेल, तर सतरंजी. बहिणीला मी खुर्ची सांगितली. हातापायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर दोन्ही थांबवून आधी डॉक्टर.