पीपीएच्या सभासदत्वातला विमा लग्नाच्या हॉलला चालतो का?

न्यू जर्सीतील मोठे बँक्वेट हॉल आणि हॉटेले बाहेरून येणाऱ्या फोटोग्राफरकडे लायबिलिटी इन्शुरन्सचे, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्याचे, सर्टिफिकेट मागतात. नेहमीची अट एका घटनेमागे किमान १० लाख डॉलर आणि पॉलिसीच्या मुदतीत एकूण २० लाख डॉलर अशी असते. ‘प्रोफेशनल फोटोग्राफर्स ऑफ अमेरिका’ या संघटनेचे, म्हणजे पीपीएचे, सभासदत्व घेतले की ही अट आपोआप भागते, असा समज आपल्याकडच्या नव्या फोटोग्राफरांमध्ये दिसतो. सभासदत्व घेण्यासारखे निश्चितच आहे. पण हा समज चुकीचा आहे.

सक्रिय व्यावसायिक सभासदाला वर्गणीतच १५,००० डॉलरपर्यंतचा उपकरणांचा विमा मिळतो, आणि काढलेले फोटो नष्ट झाल्यामुळे ग्राहकाने दावा केला तर त्यातही संघटना पाठीशी उभी राहते. हे दुसरे संरक्षण मला अधिक मोलाचे वाटते, कारण कॅमेरा पुन्हा विकत घेता येतो, अंतरपाट दूर होतानाचा क्षण पुन्हा टिपता येत नाही. हॉलला मात्र यातल्या कशाशीच कर्तव्य नसते. लाइटचा स्टँड एखाद्या पाहुण्याच्या अंगावर पडला, किंवा वायरीत पाय अडकून कोणी आजी पडल्या, तर भरपाई कोण देणार, एवढेच हॉलला पाहायचे असते. आणि त्यासाठी लागणारी जनरल लायबिलिटी पॉलिसी वेगळे पैसे भरूनच घ्यावी लागते.

ती पीपीएमार्फत घ्या किंवा अन्य कंपनीकडून, हप्त्याइतकेच महत्त्व सर्टिफिकेट किती लवकर आणि किती अचूक मिळते याला द्यावे. ‘अकॉर्ड २५’ नावाच्या ठरावीक फॉर्मवर डावीकडे खाली ‘सर्टिफिकेट होल्डर’चा चौकोन असतो. तिथे हॉलचे नाव आले म्हणजे काम झाले असे नव्हे, कारण या कागदाने होल्डरला कोणताही हक्क मिळत नाही, असे त्याच फॉर्मवर छापलेले असते. हॉलला ‘ॲडिशनल इन्शुअर्ड’ करून हवे असते, म्हणजे तुमच्या कामामुळे हॉलवर खटला झाला तर तुमच्या पॉलिसीने हॉलचाही बचाव करावा, आणि त्यासाठी पॉलिसीला तशी पुरवणी जोडलेली असावी लागते. शिवाय नाव दारावरच्या पाटीवरचे चालत नाही. करारात असलेले हॉलच्या कंपनीचे (एलएलसीचे) कायदेशीर नाव अक्षरशः तसेच लागते. माझ्या आधीच्या एजंटकडून शुक्रवारी मागितलेली अशी दुरुस्ती सोमवारी आली, आणि लग्न शनिवारी होते. त्यामुळे जिथे स्वतः ऑनलाइन नाव भरून सर्टिफिकेट काढता येते, ती पॉलिसी थोडी महाग असली तरी घ्यावी.

वरातीवर ड्रोन उडवणार असाल तर आधी विचारून घ्या. जनरल लायबिलिटीतून ड्रोन बहुधा वगळलेला असतो आणि त्याचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. सोबतचा सेकंड शूटर, म्हणजे दुसरा फोटोग्राफर, तुमच्या पॉलिसीत येतो की त्याला स्वतःची लागेल, याचे उत्तरही कंपनीकडून लेखी घ्यावे.